तलवार पडताना दिसायलाच हवी का?

'गेम ऑफ थ्रोन्स' या अमेरिकी फॅन्टसी मालिकेच्या पहिल्या पर्वाचा नववा भाग. भर चौकात नेड स्टार्कला गुडघ्यावर बसवलेलं आहे. गर्दीत त्याची धाकटी मुलगी आर्या आहे. योरेन नावाचा माणूस तिला पोटाशी घट्ट धरतो आणि बघू नकोस म्हणून बजावतो. तलवार उगारली जाते, पातं मानेपर्यंत येतं न येतं तोच चित्र बदलतं. आर्या वर पाहते, आकाशात पक्षी उडतात, गर्दीचा गोंगाट विरून जातो. ज्याला आपण मालिकेचा नायक समजत होतो तो संपलेला असतो, आणि हे समजायला कापलेली मान पाहावी लागलेली नसते.

याच मालिकेत पुढे डोकी फुटली, पोटात सुरे खुपसले गेले आणि कथेशी फारसा संबंध नसलेली नग्नता भरपूर आली. मग वाद ठरलेला: फॅन्टसी मालिकांत एवढी हिंसा आणि एवढी कामदृश्यं गरजेची असतात का? (पुढे या मालिकेचे आणि तिच्या आधीच्या काळात घडणाऱ्या 'हाउस ऑफ द ड्रॅगन'चे बरेच महत्त्वाचे प्रसंग उघड होतील. पाहायच्या राहिल्या असतील तर इथे थांबावं.)

हा वाद गोल गोल फिरतो, कारण तीन वेगळे निर्णय एकाच प्रश्नात कोंबले जातात. पहिला निर्णय, ही घटना कथेत घडू द्यायची का. दुसरा, ती प्रेक्षकाला कळवायची कशी: डोळ्यांनी, आवाजाने, कुणाच्या तोंडून, की फक्त परिणामातून. तिसरा, दाखवायचीच असेल तर किती वेळ आणि किती जवळून. नेडचा मृत्यू कथेसाठी अटळ होता. त्याची मान तुटताना जवळून पाहणं अटळ नव्हतं. 'गरज' हा शब्द पहिल्या निर्णयाला लागू असतो, आणि बचाव करणारे तो तिसऱ्याला चिकटवतात. विरोध करणारेही उलट्या बाजूने तेच करतात. दाखवणं नको म्हणता म्हणता घटनाच नको म्हणू लागतात.

हे सगळं आलं कुठून

आधी पैशाचं गणित पाहू, कारण कलेचे बरेचसे युक्तिवाद त्याच्यावर नंतर चढवलेले असतात. अमेरिकेत हवेतून फुकट प्रसारित होणाऱ्या वाहिन्यांवर सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत अश्लील मजकुराला सरकारी नियमांनी बंदी आहे. शिवाय त्या जाहिरातींवर चालतात, आणि साबण विकणाऱ्या कंपनीला आपली जाहिरात शिरच्छेदाला लागून नको असते. 'गेम ऑफ थ्रोन्स' दाखवणारी एचबीओ ही वर्गणीवर चालणारी केबल वाहिनी. तिला तो नियमही लागू नाही आणि जाहिरातदारांची भीतीही नाही. दर महिन्याला पैसे मोजणाऱ्या माणसाला फुकट वाहिनीवर न मिळणारं काहीतरी द्यायचं, तर सगळ्यात सोपी वस्तू म्हणजे दुसरीकडे मना असलेली वस्तू.

यात एक अडचण आहे, ती निर्मात्यांनी जास्त गंभीरपणे घ्यायला हवी. इंडियाना विद्यापीठातले अँड्र्यू वीव्हर आणि मॅथ्यू कोबाच यांचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. कार्यक्रमाच्या वर्णनात हिंसा आहे असं लिहिलं की लोक तो कार्यक्रम जास्त निवडायचे. पण प्रत्यक्ष पाहताना हिंसा वगळलेली आवृत्ती त्यांना अधिक आवडायची. म्हणजे हिंसा माणसाला दारापर्यंत आणते, पण घरात बसवून ठेवायचं काम कथेलाच करावं लागतं.

निर्मितीच्या आत हा दबाव कसा येतो याचं उदाहरण दिग्दर्शक नील मार्शल यांनी २०१२ मध्ये एका मुलाखतीत उघडपणे दिलं. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या 'ब्लॅकवॉटर' या भागाच्या वेळी एका कार्यकारी निर्मात्याने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की बाकीचे गंभीर नाट्याची बाजू सांभाळतात, मी प्रेक्षकातल्या चवचाल बाजूचा प्रतिनिधी आहे, आणि मला या दृश्यात पूर्ण नग्नता हवी आहे. 'कथेची गरज' हे शब्द त्या संभाषणात कुठेच नाहीत.

'तो काळच तसा होता'

बचावाचा सर्वांत लाडका मुद्दा इतिहासाचा. मूळ कादंबऱ्यांचे लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची भूमिका अशी, की आजवरच्या प्रत्येक युद्धात बलात्कार झालेले आहेत. युद्धाची गोष्ट सांगायची आणि ते वगळायचं, हा अप्रामाणिकपणा ठरेल. पहिल्या निर्णयापुरतं हे म्हणणं रास्त आहे. युद्ध म्हणजे फडकते झेंडे आणि चकाकती चिलखतं, अशी खोटी गोष्ट सांगण्यापेक्षा हे बरं.

पण ही इतिहासनिष्ठा निवडक असते. मध्ययुगीन सैन्यं तलवारीपेक्षा हगवणीने जास्त खचत. १४१५ मध्ये हार्फ्लरच्या वेढ्यात इंग्रजांच्या छावणीची तीच गत झाली. पडद्यावर मात्र हगवण क्वचित, आणि छाती उघडी टाकलेल्या बायका पावलोपावली. त्या बायकांच्या काखेत केस नाहीत, दात एका रांगेत. वास्तव हवं असेल तर सगळंच हवं.

धर्मपीठाने काढलेली राणी सर्सी लॅनिस्टरची नग्न धिंड घ्या. पाचव्या पर्वाचा शेवटचा भाग, २०१५, चित्रीकरण क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिक शहरात. या प्रसंगाची प्रेरणा जेन शोर. इंग्लंडच्या चौथ्या एडवर्ड राजाच्या या उपस्त्रीला १४८३ मध्ये लंडनच्या रस्त्यांतून हातात मेणबत्ती देऊन प्रायश्चित्तासाठी चालवलं होतं. पण ती नग्न नव्हती, अंगावर आतला झगा होता. नग्नता इतिहासाने दिलेली नाही, ती कल्पिताने घातली.

तरीही हे दृश्य उभं राहतं, असं आमचं मत आहे. कारण इथे नग्नता हाच प्रसंगाचा विषय आहे. तिच्या अंगावरून सत्तेचा प्रत्येक थर काढून घेण्यासाठी ही शिक्षा बेतलेली आहे. कॅमेरा तिच्यासोबत चालतो, तिच्या चेहऱ्यावर परत परत येतो. पाय रक्ताळतात, रस्ता संपत नाही. आणि पुढच्या पर्वाच्या अखेरीस ती त्या धर्मपीठाचं काय करते, त्याचं बीज याच रस्त्यावर पडतं. कपडे घालून हा प्रसंग इतका उतरला नसता. इतिहासाचा दाखला खोटा पडला तरी दृश्य खरं ठरतं, कारण गरज कथेतून येते.

'पुस्तकात तसं आहे' हा मुद्दा याहून लंगडा. राजकन्या डनेरिसची लग्नाची पहिली रात्र पुस्तकात तिच्या होकारावर येऊन ठेपते. मालिकेने तो होकार काढून बलात्कार केला. पुस्तकात ती तेरा वर्षांची आहे, म्हणून मालिकेत तिचं वय वाढवलं, आणि ते योग्यच केलं. म्हणजे बदल करता येत होते. 'रेड वेडिंग' या लग्नातल्या हत्याकांडात नेडचा मुलगा रॉब याच्या गरोदर बायकोच्या पोटात सुरा खुपसला जातो. पुस्तकात रॉबची बायको त्या लग्नाला गेलेलीच नाही. या भागातली खरी दहशत सुऱ्याच्या आधीची आहे: बंद होणारा दरवाजा, वाजंत्र्यांनी बदललेली धून, एका सरदाराच्या बाहीखाली हाताला लागलेलं साखळ्यांचं चिलखत. त्यानंतर पोटावर पुन्हा पुन्हा वार दाखवून दहशतीत भर पडत नाही, फक्त किळस येते.

उघडं अंग आणि बंद कान

कामदृश्यांची अडचण हिंसेपेक्षा वेगळी आहे आणि ती बरीचशी तांत्रिक आहे. फॅन्टसी मालिकेत माहितीचा डोंगर असतो: घराणी, जुनी वैरं, नकाशे, वंशावळी. ही माहिती पात्रांच्या तोंडून द्यावी लागते आणि ती कंटाळवाणी होते. उपाय म्हणून पहिल्या पर्वात ती कुंटणखान्यात द्यायला सुरुवात झाली. सातव्या भागात कुंटणखान्याचा मालक आणि दरबारी कारस्थानी लिटलफिंगर आपला सगळा भूतकाळ आणि महत्त्वाकांक्षा सांगतो तेव्हा मागे दोन स्त्रिया त्याच्या सूचनांप्रमाणे धंद्याची तालीम करत असतात. समीक्षक माइल्स मॅकनट यांनी २०११ मध्ये या क्लृप्तीला 'सेक्सपोझिशन' (सेक्स आणि एक्सपोझिशन, म्हणजे माहिती देणं) असं नाव दिलं आणि ते रूढ झालं.

ही क्लृप्ती फसते, कारण लक्ष वाटलं जातं. डोळे एकीकडे, कान दुसरीकडे, आणि या झटापटीत कान हरतात. लिटलफिंगरचं ते भाषण पुढच्या साऱ्या कटाची किल्ली आहे, पण किती प्रेक्षकांना त्यातलं वाक्य आठवतं? शिवाय मागच्या दोघी त्या क्षणी माणसं राहत नाहीत, सजावट होतात. त्यांच्यातली रॉस हे पात्र पुस्तकात नाही, मालिकेने घडवलेलं आहे. तिसऱ्या पर्वात तिला मारलं जातं तो वार दिसत नाही. दिसतं ते पलंगाला बांधलेलं, बाण रुतलेलं प्रेत, एखाद्या चित्रासारखं मांडलेलं. वार वगळला म्हणून दृश्य संयत झालं असं होत नाही. मेल्यावरही ती सजावटच राहिली.

रक्त किती, आवाज किती

पडद्यावरची हिंसा कशी बनते हे माहीत असलं की तिच्याबद्दल नीट बोलता येतं. नकली रक्त बहुधा मक्याचं सिरप आणि खायचा रंग यांचं असतं. जखमा आणि डोकी सिलिकॉनची, अभिनेत्याच्या चेहऱ्याचा साचा घेऊन केलेली. एखाद्या दृश्यात डोक्यांची रांगच हवी असेल तर ती घाऊक भाड्याने आणतात. पहिल्या पर्वात भाल्यांवर लावलेल्या डोक्यांत एक माजी अमेरिकी अध्यक्ष जॉर्ज बुश यांचं निघालं, आणि २०१२ मध्ये एचबीओला माफी मागावी लागली. हाड मोडल्याचा आवाज सेलरीची दांडी मोडून काढतात, मांस फुटल्याचा कलिंगड फोडून. प्रेक्षकाच्या अंगावर काटा आणणारा मोठा भाग या आवाजाचा असतो.

दोन दृश्यं शेजारी ठेवून पाहा. चौथ्या पर्वात, २०१४ मध्ये, द्वंद्वात ओबेरिन या योद्ध्याचं डोकं हातांनी चिरडलं जातं आणि ते जवळून दाखवलं आहे. पाचव्या पर्वात सिंहासनावर दावा सांगणारा स्टॅनिस आपल्या लहानग्या मुलीला, शिरीनला, चितेवर चढवतो. तिथे कॅमेरा बराच वेळ पाहणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर आहे. मुलीच्या किंकाळ्या ऐकू येतात. आतापर्यंत दगडासारखी असलेली आई शेवटी मोडून पडते, बाप हलत नाही. जळणारं शरीर जवळजवळ दिसत नाही, आणि तरी हे दृश्य पुन्हा पाहायची हिंमत फार थोड्यांना होते. ओबेरिनचं डोकं धक्का देतं. शिरीनची किंकाळी स्टॅनिसबद्दलचं आपलं मतच कायमचं बदलते. धक्का ओसरतो, आणि पुढच्या वेळी तेवढाच धक्का द्यायला जास्त रक्त लागतं. दरवर्षी नवं पर्व आणणाऱ्या मालिकेला ही चढती भाजणी परवडत नाही.

पण कमी दाखवलं की प्रश्न मिटला, असंही समजू नये. मे २०१५ मध्ये ज्या दृश्यावर सर्वांत मोठा गदारोळ झाला त्यात जवळजवळ काहीच दिसत नाही. लग्नाच्या रात्री रॅमसे हा क्रूर सरदारपुत्र नेडची थोरली मुलगी सान्सा हिच्यावर बलात्कार करतो. कॅमेरा तिच्यावरून हटतो आणि जबरदस्तीने पाहायला लावलेल्या, तिच्याच घरात वाढलेल्या थिऑनच्या चेहऱ्यावर स्थिरावतो. पुस्तकात तिथे सान्सा नसून जेन पूल नावाची दुसरी मुलगी आहे. अमेरिकी सिनेटर क्लेअर मकॅस्किल यांनी ही मालिका पाहणं सोडल्याचं जाहीर केलं.

इथे दोष तिसऱ्या निर्णयाचा नव्हता. चार पर्वं हळूहळू शहाणी होत आलेली मुलगी पुन्हा जखमी करण्यासाठी वापरली गेली, आणि त्या जखमेचा नाट्यमय लाभ थिऑनला मिळाला. तिचं दुःख त्याच्या डोळ्यांतून आपल्याला कळलं. शेवटच्या पर्वात सान्सा म्हणते, की या सगळ्या छळाशिवाय मी लहान पाखरूच राहिले असते. म्हणजे छळ हाच तिचा शिक्षक ठरवला गेला. आधीच्या चार पर्वांत ती पाहून, ऐकून, गप्प राहून शिकत होती, ते सारं या एका वाक्याने पुसलं.

भासाचा दुर्योधन

न दाखवता सांगायचं तंत्र आपल्याकडे फार जुनं आहे. नाट्यशास्त्र सांगतं, की युद्ध, राज्यनाश, मृत्यू आणि नगराचा वेढा अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून, म्हणजे अंकांमधल्या छोट्या जोडदृश्यातून, कळवावेत. भासाने 'ऊरुभंग'मध्ये हा नियम अर्धा पाळला आणि अर्धा मोडला. भीम-दुर्योधनाचं गदायुद्ध रंगमंचावर होत नाही. विष्कंभकात, म्हणजे अशाच एका जोडदृश्यात, तीन सैनिक ते पाहतात आणि आपल्याला सांगतात. पण नंतर मांड्या मोडलेला दुर्योधन सरपटत समोर येतो, आंधळा बाप आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेली आई त्याला शोधतात, लहान मुलगा मांडीवर बसायला धावतो आणि तिथे बसता येत नाही. दुर्योधन रंगमंचावरच मरतो. घाव ऐकवला आणि घावाचा परिणाम दाखवला. पटकथा शिकणाऱ्याने हे नाटक समोर ठेवून बसावं इतकं ते नेमकं आहे.

पुराणकथा आणि फॅन्टसी एक नव्हेत, पण दृश्याचं तंत्र दोन्हीकडे तेच लागतं. बी. आर. चोप्रांच्या 'महाभारत'मधलं वस्त्रहरण रविवारी सकाळी सगळ्या घराने एकत्र बसून पाहिलं. ते सौम्य मुळीच नव्हतं. खाली गेलेल्या माना बघून लोकांना संताप येत होता. द्रौपदीचं अंग न दाखवताही तो संताप पुरेपूर आला.

आणि उलट टोकाचं उदाहरणही घरचंच आहे. विजय तेंडुलकरांच्या 'गिधाडे'तला साडीवरचा रक्ताचा डाग सेन्सॉरला चालेना. मग डाग निळा करून प्रयोग झाला आणि तो लाल समजावा असं प्रेक्षकांना सांगण्यात आलं. त्या डागाची गरज निर्विवाद होती, कारण गर्भपाताची ती एकमेव दृश्य खूण होती. दाखवण्याची गरज असते तेव्हा ती अशी असते: लहान, नेमकी, आणि काढली तर नाटकाला भोक पडेल अशी.

शरीर कुणाचं

गरजेचा प्रश्न कागदावर सुटला तरी सेटवर एक खरं शरीर उभं असतं. तलवारबाजीसाठी मारामारीचा दिग्दर्शक असतो, प्रत्येक वार मोजून बसवलेला असतो. कामदृश्यासाठी मात्र कित्येक दशकं 'तुम्ही दोघं बघा कसं जमतंय' एवढंच चाले. डनेरिसची भूमिका करणाऱ्या एमिलिया क्लार्क यांनी २०१९ मध्ये एका पॉडकास्टवर सांगितलं, की पहिल्या पर्वात त्या नुकत्याच नाट्यशाळेतून आल्या होत्या, एवढ्या नग्नतेला काय म्हणायचं हे कळत नव्हतं, आणि त्या न्हाणीघरात जाऊन रडत. सहकलाकार जेसन मोमोआ त्यांच्यासाठी अंगावर घ्यायला झगा मागवत.

२०१८ मध्ये एचबीओच्याच 'द ड्यूस' मालिकेत अभिनेत्री एमिली मीड यांनी मागणी केली आणि अलिशिया रोडिस इंटिमसी कोऑर्डिनेटर, म्हणजे कामदृश्यं ठरवून बसवणाऱ्या तज्ज्ञ, म्हणून आल्या. त्याच वर्षी वाहिनीने आपल्या सर्व मालिकांसाठी ही पद्धत स्वीकारली. काम असं चालतं: काय दिसेल, काय दिसणार नाही, कुठे स्पर्श होईल हे करारात लिहायचं. अमेरिकेतल्या अभिनेत्यांच्या संघटनेच्या करारानुसार हा मजकूर किमान ४८ तास आधी हातात पडायला हवा. हालचाली नाचासारख्या मोजून बसवायच्या. त्वचेच्या रंगाची आवरणं, मध्ये पातळ गादी, सेटवर फक्त लागतील तेवढीच माणसं. आणि अभिनेत्याने ऐनवेळी नाही म्हटलं तरी ते मान्य. आपल्याकडे आस्था खन्ना हे काम करतात. २०२२ च्या 'गहराइयाँ' चित्रपटात दार गाई यांचं नाव इंटिमसी दिग्दर्शक म्हणून आलं.

याचा एक फायदा लेखनाला होतो. प्रत्येक स्पर्श कागदावर लिहून त्याचं कारण सांगायचं झालं, की निरर्थक दृश्यं आपोआप गळतात.

दृश्य तपासायचं कसं

दृश्य मनातल्या मनात काढून टाका. पुढच्या तीन भागांत काही कोसळतं का? कोसळत नसेल तर पहिला निर्णयच चुकला. कोसळत असेल तर फक्त वार किंवा फक्त नग्नता काढा आणि आधीचा व नंतरचा क्षण ठेवा. तरीही उभं राहत असेल तर तिसरा निर्णय चुकला. मग कॅमेरा कुणाजवळ आहे ते पाहा: ज्याला लागतंय त्याच्या, की मारणाऱ्याच्या, की कुठल्याच माणसाच्या जागेवर नाही? शेवटी पुढच्या भागात जा. ज्याच्यावर गुदरलं तो तिथे वेगळा वागतो का? बऱ्याच मालिका इथे नापास होतात, कारण जखम दाखवायला वेळ असतो आणि खपली धरायला नसतो.

२०२२ मध्ये आलेल्या 'हाउस ऑफ द ड्रॅगन'ला ही परीक्षा लावून पाहा. पहिल्याच भागात राणी एमाचं पोट जिवंतपणी चिरलं जातं, तिला न विचारता, कारण राजाला मुलगा हवा आहे. हे काढलं तर मालिकाच उरत नाही, कारण वारसाचा सगळा झगडा या पलंगावर सुरू होतो. कॅमेराही तिच्याजवळ आहे. आपल्याला काय करणार आहेत हे न कळलेल्या बाईची भीती तिच्या चेहऱ्यावर वाचता येते. रक्त कमी चाललं असतं, चेहरा कमी चालला नसता.

आठव्या भागात राजपुत्र एगॉनने डायना नावाच्या दासीवर बलात्कार केलेला आहे. ते दिसत नाही. दिसते ती नंतरची खोली. राणी एलिसेंट तिला जवळ घेते, धीर देते, मग पैसे देते आणि गर्भ राहू नये म्हणून काढा प्यायला लावते. राजघराणं कसं चालतं, राणी मुलाला किती ओळखते आणि त्याच्यासाठी कुठवर जाईल, हे सगळं त्या पेल्यात आहे. दासी पेला रिकामा करते आणि निघून जाते.

घरी पाहताना

भारतात २०२१ च्या नियमांप्रमाणे ओटीटीवरच्या मालिकांना यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए अशी वर्गवारी द्यावी लागते. यू/ए १३+ आणि त्यावरच्यांसाठी पालकांना कुलूप लावायची सोय हवी, आणि ए साठी वयाची खातरजमा. नेहमीची चूक अशी होते, की मुलांचं वेगळं प्रोफाइल बनवलं जातं पण मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावलेला नसतो, आणि मूल दोन बटणं दाबून तिकडे पोचतं. पिन मोठ्यांच्या प्रोफाइलवर लावा. वर्गवारीखाली आशयाचं छोटं वर्णनही असतं, ते वाचा. 'हिंसा' आणि 'लैंगिक हिंसा' या दोन वेगळ्या सूचना आहेत. आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलासोबत पाहायचं ठरवलं, तर आधी तो भाग एकट्याने पाहून ठेवावा, म्हणजे दृश्य आल्यावर रिमोट शोधत बसण्याऐवजी नंतर त्याच्याशी काय बोलायचं हे ठरलेलं असेल.